ब्लॅक फॉरेस्टचा जुना लेथ

ब्लॅक फॉरेस्ट म्हटलं की कोल्हापुरात केक आठवतो. आम्ही मात्र जर्मनीतल्या खऱ्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, आणायला गेलो होतो. तिथल्या एका छोट्या गावातला कारखाना बंद होतोय एवढं कानावर आलं, आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, गडमुडशिंगीच्या आमच्या शेडमध्ये त्या मशीनचं फाउंडेशनच भरून टाकलं. सौदा अजून व्हायचा होता! मी जर्मनच्या क्लासला जायची, म्हणून दुभाषी.

मुंबईहून फ्रँकफर्ट, पुढं रेल्वे, शेवटी डोंगरातली बस. दोन्ही बाजूंना गच्च, काळंभोर जंगल. आबा म्हणाले, "पन्हाळ्यापरास गार हाय की गं!" जाणाऱ्यांना एकच सांगते, खोलीच्या भाड्यात नाश्ता असतो, तो दाबून खा. दुपारी हॉटेलं बंद, आणि रविवारी तर गावच बंद असतं.

कारखान्याचे मालक क्लाउस म्हातारे आणि अबोल. लेथ एका भंगारवाल्यानंही मागितला होता, आणि तो जास्त पैसे देत होता. "उद्या सांगतो," क्लाउस म्हणाले. आबांनी शांतपणे पिशवीतून हळदकुंकू काढलं, मशीनला लावलं, कापडी झेंडूची माळ घातली आणि मी हां हां म्हणेपर्यंत लेथच्या पायाशी खाडकन नारळ फोडला.

"आबा, ते अजून हो म्हणाले नाहीत!"

"नारळ फुटला न्हवं? मग ठरलं की!"

हे काय, असं क्लाउसनी विचारलं. घाबरून मी सुचेल ते जर्मन बोलले: शुभकार्य आहे, आमच्याकडं लग्नातही फोडतात. ते ताडकन आत गेले. आता पोलीस येणार, याची मला खात्री होती.

आले ते चिनी मातीच्या बशा घेऊन. त्यांच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या दारात भांडी फोडतात म्हणे! त्यांनी पहिली बशी फरशीवर आपटली. आवाजानं शेजारीण धावत आली, कारण कळल्यावर घरी जाऊन सुपाचं भांडं घेऊन आली. आबा तर दणादण सुटलेच. मग क्लाउसनी त्यांच्या हातात झाडू दिला. तुकडे नवरानवरीनं मिळून झाडायचे असतात.

"म्या नवरा? तुज्या आईला काय सांगू आता?"

नवरी म्हणजे लेथ, तिला काही झाडू धरता येईना, म्हणून तिच्या बाजूनं क्लाउस झाडायला लागले. झाडता झाडता रडले. उभा जन्म त्या मशीनवर गेला होता. भंगारवाल्याला त्यांनी आमच्यादेखत नाही म्हणून कळवलं.

जंगलाचे फोटो कुठं गेले कुणास ठाऊक. लेथ मात्र जहाजातून शेडमध्ये पोचला. आईनं आबांना पहिलं विचारलं, "म्हायेरी कळवलंसा का, पोरगी पोचली म्हणून?"

मी फोन लावला. क्लाउस म्हणाले, चालू करून ऐकवता का? आबांनी बटण दाबलं, मी मोबाइल लेथजवळ धरला. परदेशचा कॉल, बॅलन्स संपत आला म्हणून मी हात मागं घेऊ लागले.

"धर अजून," आबा म्हणाले. "बाप हाय त्यो."