चौदा नंबरचा पाचवा फाउल

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही धड कळत नाही. ओळखीच्या माणसासमोर बसले की ही गोष्ट ओठांपर्यंत येते आणि मग मी भाजीचे भाव विचारते. किती वर्षं असंच चाललंय.

मलकापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. मागच्या खिडकीतून बास्केटबॉलचं मैदान दिसतं. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कारखान्याकडून तंतू उडत येतात आणि दुपारच्या कलत्या उन्हात मैदानावर तरंगत राहतात — खाली येतच नाहीत जणू. पलीकडून मालगाडी गेली की मुलांचे आवाज बुडतात आणि थोडा वेळ ती पाण्याखाली खेळत असल्यासारखी दिसतात. पुस्तकांवर शिक्के मारता मारता मी ते बघत बसायचे. शाळेत असताना मीही नांदुऱ्याला खेळले होते. बुटकी होते, पण खेळले.

सुमेध मला पहिल्यांदा त्या खिडकीतूनच दिसला. जानेफळचा, आमच्या होस्टेलवर राहणारा. आई अंगणवाडीत मदतनीस. सहा फूट पाच इंच उंची, आणि आपले हातपाय दुसऱ्या कुणाकडून मागून आणल्यासारखं चालणं. पण उडी मारली की — कसं सांगू? — वर गेला की तो थांबायचा. बाकीचे खाली यायचे, तो अजून तिथेच.

संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर त्याच्यावरून वाद व्हायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब आणि कापडदुकानवाले बबनभाऊ, दोघं रोज हजर. बबनभाऊंचं म्हणणं, याचे हात म्हणजे मळणीयंत्र, समोर कोण आलं ते बघतच नाहीत. गार्डसाहेब म्हणायचे, एकोणीस वर्षांचं पोर आहे, उंची आधी येते, अंदाज मागून येतो. तो आला की हा थेट देशाकडून खेळेल. कधी खेळेल, बबनभाऊ विचारायचे, दर सामन्यात तर हा अर्ध्यातच बाहेर बसतो. ते खोटं नव्हतं. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो त्या सामन्यातून बाद, आणि सुमेधची गाडी नेहमी चारपर्यंत यायचीच.

मी त्याच्या बाजूची होते. हे सांगून मला काही मिळवायचं नाही, पण होते.

त्या वर्षी क्रीडाशिक्षक सरांनी मला टेबलवर बसवलं. टेबलवर म्हणजे गुण आणि फाउल लिहायला. मी त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलं होतं, तरी पायऱ्यांवर कुजबुज झालीच — बाईले काय समजते फाउल? मी ऐकलं आणि ठरवलं, माझ्या कागदावर एक खाडाखोड होणार नाही. झालीही नाही. बघा, तो कागद आजही कुणी काढला तर स्वच्छ आहे.

कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. विद्यापीठाचा संघ निवडणारे एक सर आले होते, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेले. ते कुणाला बघायला आलेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. सुमेधची आई पहाटेच्या एसटीने निघून आली होती, पायऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला पदर सावरून बसली होती.

दुसऱ्या सत्रात एक चेंडू बोर्डवर आपटून उडाला. सुमेध वर गेला, त्याच्या शेजारी आमचा कर्णधार गेला, पाहुण्या संघाचा एक मुलगा मध्ये सापडून पडला. शिट्टी वाजली. मी अजून वरच बघत होते — सुमेधच्या हातांच्या मागे ऊन होतं, त्यात ते तंतू, आणि तो खाली यायला तयार नव्हता. पंचांनी नंबर दाखवला. मी चौदा नंबरच्या, म्हणजे सुमेधच्या, रकान्यात खूण केली आणि तिसऱ्या फाउलची पाटी वर धरली.

पंचांनी चार बोटं दाखवली होती. चार नंबर म्हणजे कर्णधार. त्याने रीतीप्रमाणे हातही वर केला होता. मी तो पाहिला — डोळ्यांनी पाहिला, मनापर्यंत पोचला नाही. कर्णधाराचेही आधी दोनच होते, त्यामुळे पाटी बरोबर ठरली आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. खाली धक्काबुक्की झाली तर ती सुमेधचीच असणार, असं बबनभाऊंसारखं मलाही वाटत होतं की काय?

पण ती चूक होती. चूक कबूल करायला मी बसलेली नाही.

तिसऱ्या सत्रात सुमेधने खरोखर एक फाउल केला. मी चारची पाटी उचलली. त्याने पाटीकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे. बोटांवर तो काहीतरी मोजत होता. आणि त्या क्षणी मला कर्णधाराचा वर झालेला हात आठवला — लख्ख. मला कळलं. तुम्हाला वाटेल, नंतर कळलं असेल, घरी गेल्यावर, झोप लागत नसताना. नाही. तिथेच कळलं. सामना चालू होता, पेन हातात होतं, पंच दहा पावलांवर होते. सांगितलं असतं तर दोन मिनिटं खेळ थांबला असता, एक खूण खोडली गेली असती.

मी नाही सांगितलं. क्रीडाशिक्षकांनी त्याला जपायला म्हणून बाहेर बसवलं, आणि मी स्वतःशी म्हटलं, बरं झालं, आता तो फाउल करणारच नाही, मग काय फरक पडतो? किती शांत वाटलं होतं तेव्हा. ऊन पायऱ्यांवरून उतरत होतं, आणि मला वाटत होतं की हे सगळं आपोआप विरून जाईल.

शेवटची तीन मिनिटं उरली होती, आम्ही एका गुणाने पुढे होतो. सुमेध परत आत आला. पहिल्याच चेंडूला त्याचा हात समोरच्याच्या मनगटाला लागला. अगदी हलका.

मी पाचची पाटी वर केली.

तो टेबलापाशी आला. त्याने ओरडून नाही विचारलं. घाम गळत होता, वाकून त्याने माझ्या कागदात बघितलं.

"ताई, माहे चारच झाले नं? पाहा नं एकखेप."

निवड करणारे सर माझ्याकडे बघत होते. पायऱ्या माझ्याकडे बघत होत्या. मी रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पाच आहेत. कागदावर आहेत."

"मी मोजून राह्यलो होतो, ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा चढला. पंचांनी त्याला मागे ओढलं. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. आम्ही तो सामना सहा गुणांनी हरलो. विद्यापीठाच्या यादीत त्याचं नाव आलं नाही — गुण आहेत, पण शिस्त नाही, वाद घालतो, असं सर म्हणाल्याचं कानावर आलं.

त्याची आई दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात आली, परत निघण्याआधी. तिने विचारलं, पोरगा इथं भांडतो का? घरी तर असा नाही. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, खेळात होतं असं कधीकधी.

पायऱ्यांवरचा वाद पुढे कित्येक महिने चालला. गार्डसाहेब हट्टाने म्हणायचे, त्या दिवशी चारच होते, मी मोजले होते. बबनभाऊ मला बोलवायचे — सांगा हो ताई, तुम्ही तर टेबलवर होत्या. आणि मी सांगायचे, पाच होते, पक्के पाच. एकदा नाही, पाच-सहा वेळा तरी. हळूहळू गार्डसाहेबांनी मोजलेलं बोलून दाखवणं सोडलं. म्हातारपणी असं होतं, असं ते स्वतःच म्हणायला लागले.

आणि सुमेध? त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्याला आपलेच फाउल कळत नाहीत, हे त्याने मान्य केलं. पुढच्या वर्षी मी खिडकीतून बघायचे — चेंडू बोर्डला लागला की तो हात मागे घ्यायचा. उडायचा नाही. बबनभाऊ म्हणायचे, आता पोरगा सुधारला. तिसऱ्या वर्षी त्याने खेळणं सोडलं, पदवी घेतली आणि पुण्याकडे एका गोदामात नोकरीला लागला.

मागच्या दिवाळीत तो मला नांदुऱ्याच्या फलाटावर भेटला. मी बहिणीकडून परतत होते, तो बायकोच्या माहेरी आला होता. अंगाने भरलेला, कडेवर मुलगी. त्यानेच ओळखलं. माझी पिशवी घेतली, मुलीला म्हणाला, नमस्कार कर. ग्रंथालयाबद्दल, क्रीडाशिक्षक सरांबद्दल विचारलं. मग जरा घुटमळला.

"ताई, एक मनात राहून गेलं व्हतं. त्या दिवशी मी तुमच्याशी हुज्जत घातली, साऱ्यांसमोर. माहंच चुकलं. तेव्हा समजत नव्हतं."

मी इथे होते, तो तिथे होता, मध्ये हातभर अंतर. फलाटावर फार गर्दी नव्हती. गाडीला अजून दहा मिनिटं होती — दहा मिनिटांत काय सांगता येत नाही?

मी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"जाऊ दे रे," मी म्हणाले. "लहान होता तू."

त्याचा चेहरा असा सैलावला की काय सांगू. गाडी आली, त्याने मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली, पिशवी वर ठेवली, आणि गाडी हलेपर्यंत मुलीला घेऊन खाली उभा राहिला.