दुखवट्यात दिलेली पाण्याची सूचना

दुपारी पाऊण वाजता कामगारांच्या कार्यक्रमातलं गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग सारंगी.

मी सोल्डरिंगची काडी खाली ठेवली. सोलापूरच्या आमच्या ऑफिसात दिवसभर रेडिओ चालू असे. जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींना सरकारनं दिलेले रेडिओ सेट धडधाकट ठेवायचे, हे माझं काम. हुद्दा रेडिओ सुपरवायझर. त्याआधी सहा वर्षं एका रेडिओ केंद्रात टेक्निशियन होतो, त्यामुळं गाणं असं तुटलं की काय झालं ते मला बातमीच्या आधी कळायचं. मशीन बिघडलं तर अनाऊन्सर 'क्षमस्व' म्हणतो. इथं कुणी क्षमस्व म्हटलं नाही. म्हणजे दिल्लीत कुणीतरी मोठं गेलं.

दहा मिनिटांत बातमी आलीच. देशाचा मोठा नेता गेला होता. सात दिवसांचा दुखवटा. एकोणीसशे सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे, नाव सांगायची गरज नाही. वाईट वाटलं. पण खरं सांगतो, माझं सगळं लक्ष टेबलावरच्या एका कागदाकडं होतं.

तो कागद सकाळीच धरणाच्या ऑफिसातून आलेला. भीमेवरची भिंत नुकती उभी राहिली होती. वरच्या अंगाला परतीचा पाऊस कोसळत होता आणि तिकडची धरणं पाणी सोडणार होती. परवा पहाटेपर्यंत पाणी पात्र सोडून काठच्या सपाटीवर चढणार. त्या जमिनी सरकारनं घेतल्या होत्या, गावं वर नव्या गावठाणात आली होती. पण पाणी येईपर्यंत हिरवं गवत कोण सोडतंय? मेंढरं, गुरं, खोपी, बायकापोरं, सगळं खालीच. त्यांना उद्या वर काढायचं होतं. कागदावर हुकूम होता की आज आणि उद्या सातच्या शेतकरी कार्यक्रमात सूचना द्यावी.

आणि सातचा कार्यक्रम आत्ताच मेला होता. मी केंद्राला अर्जंट ट्रंक कॉल लावला. फोनवर ड्यूटी ऑफिसर काळेबाई. ड्यूटी ऑफिसर म्हणजे त्या पाळीपुरता केंद्राचा धनी.

"बाई, सातच्या कार्यक्रमात माझी एक सूचना आहे."

"सातचा कार्यक्रम नाही. सात दिवस नाही."

"मग सातला काय आहे?"

"दिल्लीहून रिले. मध्ये वेळ उरला तर सारंगी, नाहीतर भजन. जास्त विचारू नका, इथं टेलिप्रिंटर थांबत नाहीय."

बाईंचं चूक नव्हतं. अशा दिवशी केंद्रात काय होतं ते लोकांना ठाऊक नसतं. कुठल्या मिनिटाला काय वाजणार, त्याचा एक तक्ता असतो, त्याला क्यू शीट म्हणतात. एरवी त्यात एक ओळ बदलायची तर तीन सह्या लागतात. दुखवट्याच्या दिवशी तोच तक्ता एका मिनिटात टोपलीत जातो. गाणी जातात, नाटुकली जातात, जाहिराती जातात, कार्यक्रमाच्या सुरुवातीची धून जाते. गाण्यांच्या कपाटाला कुलूप लागतं आणि दुसरं एक लहान कपाट उघडतं. त्यात शोकाच्या टेप कायम तयार असतात. त्या दिवशी चुकून ढोलकी वाजली तर चौकशी लागते, माणसाची बदली कुठं होईल त्याचा नेम नाही. म्हणून सगळे मुठीत जीव धरून बसलेले असतात.

पण मी त्या घरचं मीठ खाल्लेलं होतं. दोन गोष्टी अशाही दिवशी जात नाहीत हे मला ठाऊक होतं. एक बातम्या, दुसरं हवामान. पाऊस काही दुखवटा पाळत नाही.

"बाई, हवामान आहे ना?"

"प्रादेशिक बातम्यांच्या मागं. दोन मिनिटं."

"मग माझी सूचना हवामानात घ्या. पाण्याचीच आहे."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "धरणाच्या इंजिनियरच्या नावानं एक्स्प्रेस तार पाहिजे. पाचच्या आत. मजकूर चार ओळी. आणि ते तुमचं 'राम राम मंडळी' अजिबात नको."

तार करायची तर आधी आमच्या साहेबांची परवानगी. आमचे साहेब तसे भले, पण सहीचं पेन उचलताना त्यांना घाम फुटायचा.

"अहो, दुखवट्यात हे नसते उपद्व्याप कशाला? सात दिवसांनी देऊ की सूचना."

"साहेब, सात दिवसांत मेंढरं पोहायला शिकणार आहेत का?"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुमच्या जबाबदारीवर करा," म्हणाले. सरकारी भाषेत याला होकार म्हणतात.

सूचनेचा मजकूर मी नव्यानं लिहिला. एरवी आमची सूचना दोन गावकरी पारावर बसून थट्टामस्करीत सांगायचे. ते सगळं काढलं. गावं कोणती, पाणी कधी, कुठं जायचं, एवढंच ठेवलं. इंजिनियरसाहेबांची सही घेऊन चारला तार गेली. सात वाजून वीस मिनिटांनी बातम्या संपल्या, हवामान झालं आणि त्याच गंभीर आवाजात आमची सूचना वाचली गेली. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी टेबलावर असा हात मारला की साहेबांच्या कपातला चहा सांडला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. सात दिवसांसाठी बंद झालेल्या दारातून मी सूचना आत घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घेऊन जेऊरच्या अंगाला निघालो. बॅटऱ्या पोचवायच्या होत्याच, म्हटलं काठावर एक चक्कर टाकू. वाटेत मेंढरांचे कळप वर येताना भेटणार, अशी माझी खात्री. एक शेपूट दिसलं नाही. चिंचोलीच्या वरच्या माळावर आलो तर खाली सगळी सपाटी भरलेली. खोपींतनं धूर निघतोय, मेंढरं चरताहेत, धुणं वाळत घातलंय.

"रशीदभाई, ह्या लोकांनी ऐकलं नाही का काय?"

आमचे ड्रायव्हर रशीदभाई कमी बोलायचे. त्यांनी गावाकडं कान केला. "साब, रेडिओ का आवाजच नै आ रहा गाव में."

पंचायतीसमोर गेलो. खांबावरच्या कर्ण्याच्या तोंडाला पांढरा टॉवेल बांधलेला. सेटच्या कपाटाला कुलूप. सेट सांभाळणारा दगडू खरात पायरीवर बसलेला, शेजारी त्याची म्हातारी आई आणि गावातली दोन-चार वडीलधारी.

"दगडू, सेट बिघडला?"

"न्हाय की सायेब. चांगला हाय."

"मग बंद का?"

दगडू माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मलाच रीतभात नाही. "सायेब, येवडा मोटा मानूस गेला. मयताच्या घरी रेडिओ लावत्यात व्हय? काल बातमी आली तवाच धुतलेला टावेल बांदला. काटावरच्या समद्या गावांनी बंद केलाय. आमी काय अडानी हाय का?"

मी ओरडलोच. "अरे, काल सातला तुमच्याच गावाचं नाव घेतलं रेडिओवर! कुणासाठी घेतलं मग?" ओरडून झालं आणि माझी मलाच लाज वाटली. माझे वडील वारले तेव्हा आमच्या सोलापूरच्या घरात तेरा दिवस रेडिओवर चादर होती. ती मीच घातली होती. केंद्र काय करतं हे मला तोंडपाठ होतं, आणि माझी माणसं काय करतात याचा एकदाही विचार केला नाही. ती बिचारी मान देत होती, आणि मी त्यांच्यावर डाफरत होतो.

दगडूला पाण्याचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "उद्या पहाटे? आमचा आन्ना हाय खाली. वैनी, पोरं, समदी मेंढरं."

त्याचा थोरला भाऊ मायाप्पा. दगडू धावत उतरला. अर्ध्या तासानं एकटाच वर आला, धापा टाकत.

"यीत न्हाय. म्हनतो, पानी आलं पानी आलं म्हनून तीनदा वर काडलं. चिकलात कोकरं मेली, आन पानी काय आलं न्हाय. आता रेडिओवर सरकारनं सांगितल्याबिगर हलनार न्हाय म्हनला. भावाचं बी ऐकत न्हाय."

कुणाचं चुकलं म्हणायचं? तीनदा आवई उठली होती, हे खरंच होतं. तोंडी निरोपाला आता तिथं कवडीची किंमत नव्हती. म्हणजे रेडिओच पाहिजे. आज सातला सूचना पुन्हा होती. सेट चालू करायचे, बास. मी कर्ण्याकडं बोट दाखवलं तर एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले.

"सुतकात कर्णा? आमच्या गावात न्हाय व्हायचं."

तेव्हा दगडूची आई बोलली. "मयताच्या घरी गुरास्नी पानी दावत्यात का न्हाय? सांच्याला दिवा लावत्यात का न्हाय? मग ही बी तसलीच गोष्ट हाय. गानं नगं. खबर ऐकायची. माजं लेकरू खाली हाय."

म्हातारे गृहस्थ खाली बसले.

राहिली बाकीची गावं. काठ लांबलचक, जीप जाईल असा रस्ता दोन-तीन गावांनाच. मी नकाशा काढून बसलो होतो. दगडूनं तो बघितला पण नाही. "सायेब, सांगावा धाडू. मयताचा जातो तसा."

कुणी गेलं की पाहुण्यांच्या गावांना निरोप जातो, तो सांगावा. तो घेऊन आलेला माणूस कुणाच्या घरी बसत नाही, पाणी पीत नाही. आणि ज्याला मिळतो त्यानं हातातला घास ठेवून पुढच्या गावी निघायचं. त्याला नाही म्हणायची सोय नाही. दगडूनं दोन सायकली वरच्या अंगाला सोडल्या, दोन खालच्या. निरोप एवढाच की सातला रेडिओ लावा, पाण्याची खबर आहे, आणि पुढच्या गावाला सांगा. सरकारी टपाल चार दिवसांत गेलं नसतं ते संध्याकाळी पाचच्या आत शेवटच्या गावाला पोचलं.

मी तेवढ्यात जेऊरला जाऊन पोस्टातून केंद्राला फोन लावला. पुन्हा काळेबाईच.

"तुमची सूचना काल दिली की हो."

"दिलीत, बाई. कुणी ऐकली नाही. गावांनी सुतक पाळलंय, रेडिओ बंद आहेत."

"अहो, मग आम्ही काल बोललो कुणाशी?"

"भिंतीशी."

बाईंनी कुणाला तरी क्यू शीट आणायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आज दोनदा वाचायला सांगते. सावकाश. वरून विचारलं तर मी बघून घेईन." त्या दिवशी असं म्हणायला धाडस लागत होतं. मी पोस्टातच त्यांना हात जोडले, त्यांना दिसत नव्हतं तरी.

सातला दगडूनं टॉवेल सोडला, घडी करून काखेत धरला आणि सेट लावला. सारंगी सगळ्या सपाटीवर पसरली. माणसं उभी राहिली, काहींनी पागोटी काढली. बातम्या. हवामान. मग सूचना. चिंचोलीचं नाव आलं तशी म्हातारीनं माझा हात घट्ट धरला. दुसऱ्यांदा वाचली. सूचना संपली, पुन्हा सारंगी.

खाली काहीच हलेना. मग एक कंदील जमिनीवरून उचलला गेला. शेजारचा उचलला गेला. कुत्री भुंकायला लागली, आणि मेंढरांचा गलका वर सरकायला लागला.

मायाप्पा सगळ्यांच्या शेवटी आला. खांद्यावर दोन कोकरं, तोंडावर राग. थेट माझ्यासमोर उभा राहिला. "आन आता पानी न्हाय आलं तर?"

"तर मला खाली नेऊन बांध."

"बांदनार," म्हणाला. आणि खरंच, त्यानं मला त्या संध्याकाळी सोलापूरला जाऊ दिलं नाही. रशीदभाई आणि मी पंचायतीतच झोपलो.

पहाटे मायाप्पानंच येऊन उठवलं. माळावर जाऊन बघितलं तर काल धुणं वाळत होतं तिथं गढूळ पाणी. त्याची खोप नुसती शेंड्याला दिसत होती. मायाप्पा बराच वेळ बघत उभा राहिला. मग खाली बसून त्यानं कळप मोजला, मोजून झाल्यावर पुन्हा मोजला. मी सेट बघायचं निमित्त करून पंचायतीत परत गेलो. दुपारपर्यंत बाकीच्या गावांचे निरोप आले. एक बैलगाडी आणि थोडा कडबा गेला होता. माणूस नाही, जनावर नाही.

दहाव्या दिवशी मला मेमो आला. राष्ट्रीय दुखवट्याच्या काळात काठावरच्या गावांत ध्वनिक्षेपक वाजवण्यात आले, याचा खुलासा करावा. साहेब म्हणाले, "सांगितलं नव्हतं तुम्हाला?" मी खुलासा लिहिला. ध्वनिक्षेपकावर शोकसंगीत, बातम्या व हवामान याखेरीज काहीही वाजवण्यात आलेलं नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला, हसू दाबलं आणि एकही शब्द न बदलता सही ठोकली. असं पहिल्यांदाच घडलं.

नंतर निवृत्त होईपर्यंत असे दुखवटे आणखी आले. दर वेळी मी दोन चौकश्या करायचो. केंद्राला विचारायचो, काय लावणार? आणि गावाला विचारायचो, लावणार का? आमच्या ऑफिसच्या फॉर्मवर पहिल्या प्रश्नाला चांगला अर्ध्या पानाचा रकाना होता. दुसऱ्याला शेवटपर्यंत नव्हता.