अक्काचं खापर जर्मनीला जातं

माझी साठी जर्मनीत साजरी करायची असं मुलीनं फोनवर परस्पर ठरवून टाकलं, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. माझा स्वभावच तसा. कुणी काही सुचवलं की आधी नाही म्हणायचं, मग चार दिवस घरात धुमसायचं आणि पाचव्या दिवशी माळ्यावरून बॅग काढायची. पण या खेपेला माझ्या नाहीला खरंच कारण होतं, आणि ते सटाण्याला राहत होतं.

सटाण्याला माझी अक्का असते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. पुढच्या जूनमध्ये मला दहा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा अठरा वर्षांच्या अक्कानं माझ्यासाठी मांडे केले. आमच्या बागलाणातला मांडा म्हणजे साधी पुरणपोळी नव्हे. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरायचं, उंडा थोडासा लाटायचा, मग दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. त्या पहिल्या मांड्याला तीन भोकं पडली होती असं ती सांगते. मला फक्त गोड लागल्याचं आठवतं. त्यानंतर तिचं लग्न झालं, मी नाशिकला नोकरीला लागलो, दोघांचीही मुलं मोठी झाली, पण माझा एकही वाढदिवस तिच्या हातच्या मांड्याशिवाय गेला नाही. कधी मी सटाण्याला जायचो, कधी ती एसटीनं नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरायची. आता साठाव्यालाच खंड पडणार होता, आणि मला ते सहन होत नव्हतं. मुलीला हे सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी थंडीचं, गुडघ्यांचं, जेवणाचं काहीबाही सांगत राहिलो.

शेवटी बायकोनंच अक्काला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "तठे तुले मांडा कोन करी दी? मंग मी बी येसू."

"अगं, पण तिथं खापर कुठं मिळणार?"

"खापर बी लई येसू."

झालं. अक्का खापर घेऊन येणार हे ठरलं. तिचा पासपोर्ट काढायला मी धावपळ केली, फॉर्म मीच भरला, व्हिसाचे कागद जमवले. जायच्या आदल्या दिवशी अक्का नाशिकला आली ती दुपट्यात आणि जुन्या गोधडीत गुंडाळलेलं, वर्षानुवर्षांच्या धुरानं काळं कुळकुळीत झालेलं खापर पोटाशी धरूनच. बॅगेत टाकू म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी बॅगेची चेन लावून टाकली. मुंबईच्या विमानतळावर तपासणीतल्या बाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, पुन्हा एकदा यंत्रातून फिरवलं आणि विचारलं, "आजी, हे काय?" अक्का म्हणाली, "मन्हा भाऊना वाढदिवस शे." बाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी हसून सोडलं. सगळा प्रवास खापर तिच्या मांडीवर होतं. जेवणाचा ट्रे आला तरी तिनं ते खाली ठेवलं नाही.

मुलीच्या घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी वाढदिवस. आदल्या संध्याकाळी अक्का म्हणाली, शेगडी बघून ठेवू. मुलीनं स्वयंपाकघर दाखवलं. काळ्या काचेची चकचकीत पाटी, ना बर्नर, ना जाळ. इंडक्शन.

आता इथं माझी अब्रू गेली, ती कशी ते सांगतो. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो. तीस वर्षं पोरांना इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला. इंडक्शनवर फक्त लोखंडी बुडाचं भांडं तापतं, मातीचं सात जन्मांत तापणार नाही, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे. आणि तोच मी अक्काला दोन महिने सांगत होतो, "शेगडी काय, तिथंही असतेच." मुलीच्या घरात काय आहे हे एकदा विचारायला काय झालं होतं? तरी मी खापर त्या काचेवर पालथं ठेवून बटण दाबलं. यंत्रानं दोनदा टीं टीं केलं आणि ते बंद पडलं.

"पेटनं का?" अक्कानं विचारलं.

बायको ओट्याला टेकून पोट धरून हसत होती. मी तिच्यावर खेकसलो. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बायकोवर खेकसू नये, पण खेकसलो. मग मुलीनं तोडगा काढला. त्यांच्या गावाबाहेर नदीकाठी एक मोठी बाग आहे, तिथं एका ठरलेल्या जागेत कोळसा पेटवून स्वयंपाक करायची परवानगी असते. सुट्टीच्या दिवशी लोक तिथं घरची शेगडी घेऊन येतात. माझा वाढदिवस नेमका रविवारी होता.

सकाळी आम्ही चौघं निघालो. कणीक, पुरण, रसीचं म्हणजे मांड्याबरोबरच्या आमटीचं पातेलं, केक, कोळशाच्या दोन पिशव्या, जावयाची लोखंडी शेगडी, आणि खापर. जावई कामानिमित्त परगावी होता, तेवढाच एक माणूस माझ्या चिडचिडीतून वाचला. आजूबाजूला कुणी मका भाजत होतं, कुणी मांस. आम्ही वाऱ्याची दिशा बघून एका झाडापासून लांब जागा धरली. कोळसे लाल झाले, खापर पालथं पडलं, त्यावर पाण्याचा शिंतोडा टाकला तर चर्र झालं. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई खुर्ची ओढून बघायला आल्या.

अक्कानं उंडा भरला, लाटला, हातांवर घेतला. डावा हात वर गेला. उजवा छातीपाशीच अडला. तिनं ओठ आवळून पुन्हा उचलला, आणि मांडा मधोमध फाटून पुरणासकट गवतावर पडला. दुसरा उंडा घेतला, तोही तसाच गेला. तिसऱ्याला तिनं हात लावलाच नाही.

बायको मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "चार दिवस त्यांचा अंबाडा मीच घालून देतेय. तुमच्या लक्षात आलं नाही?"

नव्हतं आलं. तिला डाव्या हातानं भात कालवताना पाहूनही आलं नव्हतं.

मी अक्काजवळ बसलो. "कधीपासून?"

"दिवाळीपासून. खांदाच वर जास नही."

"मग आधी सांगायचंस! एवढ्या लांब हे ओझं घेऊन..."

"सांगतू तं तू माले आनता का?" ती म्हणाली. "आनि मन्हाबिगर तू साठ वरीसना व्हयता."

राग माझ्या उपयोगाला नेहमी येतो, पण त्या वेळी तोही आला नाही. मी बाह्या दुमडल्या, हात धुतले आणि म्हटलं, "सांग कसं करायचं ते."

"तू?"

"पन्नास वर्षं बघतोय. शिकवणारी तू आहेस."

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यात मी जितक्या पोरांना रागावलो असेन त्या सगळ्यांच्या वतीनं अक्का मला रागावली. "बोटं नको रे खुपसू! मनगट हालव." "घाई कसाले करस? ती काय तुन्ही वायर शे का?" मुलगी व्हिडिओ घेत होती आणि हसू आवरत नसल्यानं फोन हलत होता. माझे पहिले दोन मांडे कोळशात गेले. तिसऱ्या वेळी अक्का उठून माझ्यामागे उभी राहिली, डावा हात माझ्या कोपराखाली लावला आणि ताल धरावा तसं कोपर वरखाली करत राहिली. मांडा पसरला. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पार विरलेला, तब्बल चार भोकं. पण खापरावर पडला, फुगला, सुटला. शेजारच्या बाईंनी त्यांच्या भाषेत मोठ्यानं काहीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अक्कानं त्याचा तुकडा मोडून सवयीनं माझ्या तोंडाशी आणला. मी तिचा हात तसाच वळवून तिच्या तोंडाकडे नेला. तिनं खाल्लं, डोळे मिटून चावत राहिली आणि म्हणाली, "मीठ कमी शे." मग मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी ते लपवलं नाही. साठी झाल्यावर एवढी मुभा असावी.

केक कापून झाल्यावर आम्ही गवतावर बसलो होतो, तेव्हा मी सहज विचारलं, "अक्का, तुझा वाढदिवस कधी असतो गं?"

तिच्या पासपोर्टवर एक जून आहे. ती तारीख शाळेत गुरुजींनी लावून दिलेली, खरी नव्हे, हे फॉर्म भरतानाच तिनं मला सांगितलं होतं. मग खरी कोणती, हे मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी नाही, आणि त्याआधी पन्नास वर्षांत कधीही नाही.

"माय सांगे, बाजरीनं खळं चालू व्हतं," ती म्हणाली. "तारीख कोनले ध्यानमा ऱ्हास?" आणि रसीची वाटी तिनं माझ्याकडे सरकवली.

नाशिकला परत येऊन आता दोन महिने झाले. दर रविवारी मी गच्चीवर चूल मांडून बसतो. बायको माझे फाटके मांडे निमूट खाते आणि गल्लीत सांगत फिरते. सटाण्याला भाच्याला फोन करून यंदा बाजरी कधी काढायची ते मी विचारून घेतलं आहे, आणि का विचारतोय ते अक्काला सांगू नको म्हणून दम दिला आहे. खळं लागेल त्या दिवशी मी तिथं असेन, मांडे मी करीन आणि ती नुसती बसून खाईल. तिला एकोणसत्तर पूर्ण होतील. तिचा हा पहिलाच वाढदिवस.