नसलेल्या दातांचा विमा

मी सातिवलीच्या एका कारखान्यात हिशेब बघते आणि एव्हरशाईन नावाच्या वसाहतीत राहते. आई गावात, वाडीतल्या घरात. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर आमची भेट होते. गेली काही वर्षं ती बोलताना पदर तोंडाशी धरायची आणि त्या पदराआड मी कधी डोकावले नाही.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "लग्नाला मी येणार नाही. लोकांसमोर तोंड उघडवत नाही." मग कुठे मी दातांच्या विम्याची चौकशी केली. दोन योजना होत्या. एकीत तपासणी, सफाई, दात भरणं आणि काढणं. दुसरी महाग, पण तिच्यात कवळीचा खर्च मिळणार होता. दुसरीच घ्यायची असं मी ठरवलं, आईला घरी बोलावलं आणि कंपनीला फोन लावून स्पीकर चालू ठेवला. मी तिच्यासाठी काय करतेय ते तिने ऐकावं, असंही मनात होतं.

फोनवरच्या मुलीने सगळं नीट सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, आईंचे काही दात आधीच पडलेत का? पॉलिसीच्या आधी जे दात नव्हते, त्यांच्या जागी कवळी बसवली तर खर्च मिळत नाही."

"नाही, सगळे आहेत," मी म्हटलं. "थोडे हलतात फक्त."

"किती?"

मला ठाऊक नव्हतं. "दोन-तीन," मी ठोकून दिलं.

आई उठून फोनजवळ आली. "पोरी, माझे वरचे पुढचे दात नाहीत. खालचेही गेलेत." मग पदर सोडून ती माझ्याकडे वळली आणि तोंड उघडलं. "बाय, बघ आणि तिला नीट सांग."

पुढे नुसत्या हिरड्या दिसल्या, आणि कडेला एक काळपट खुंट. मी खिडकीबाहेर बघू लागले.

"मग ही योजना तुमच्या उपयोगाची नाही, मॅडम," मुलगी हळूच म्हणाली. "पहिली बघा, राहिलेल्या दातांसाठी." तिने मला खोटारडी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी फोन ठेवला.

"मला माझ्या तोंडाची लाज वाटायची," आई म्हणाली. "तुलाही वाटते हे माहीत नव्हतं."

"तसं नाही गं, विमा मिळावा म्हणून बोलले."

"ते कळलं मला. पण आता मान का फिरवलीस?"



पुढच्या आठवड्यात विम्याशिवायच तिला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला खुर्चीजवळ बोलावून तो खुंट दाखवला. या वेळी मी पाहिलं. "वेळेवर भरला असता तर हा दात वाचला असता," ते म्हणाले. "दुखत असणार बरेच दिवस."

"दुखायचा," आई म्हणाली. "उजवीकडून चावायचं सोडलं होतं."

माझ्याच घरी किती वेळा ती माझ्यासमोर बसून जेवली होती.

कवळी बसली. लग्नाला आई आली आणि चारचौघांत बोललीही. पहिली योजना मी नंतर घेतली. तेव्हा कंपनीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आईने स्वतःच दिली. मी शेजारी नुसती बसून होते, आणि तिने मला काही विचारलं नाही.