विनापरवाना नगर

चंद्रप्रकाश खिल्लारेला कादंबरी लिहायची हौस आली आणि तिथेच माशी शिंकली. दिंडोशीला कोर्टाबाहेर आम्ही शेजारी-शेजारी टेबलं टाकून लोकांचे अर्ज टाइप करतो. पंचवीस वर्षांत त्याने दुसरं काही लिहिलेलंच नाही, त्यामुळे कादंबरीसुद्धा 'महोदय'नेच सुरू झाली.

कादंबरीत एक नगर होतं. चोवीस तास पाणी, दारात झाडं, लिफ्ट चालू. शेवटच्या, तेराव्या प्रकरणात त्याच्या बायकोला, द्रौपदीवहिनींना, तिथे घर मिळणार होतं. प्रत्यक्षात दोघं अठरा वर्षं घाटकोपरच्या संक्रमण शिबिरात नव्या इमारतीची वाट बघताहेत. वहिनी रोज विचारायच्या, "माझं प्रकरण कधी?"

आता आमच्या धंद्यात आवकचा शिक्का नसलेला कागद म्हणजे न लिहिलेला कागद. सवयीने हा पठ्ठ्या प्रत्येक प्रकरण बांधकाम कचेरीत नेऊन शिक्का मारून घ्यायचा.

"अरे, गोष्टीला कशाला शिक्का?"

"पुरावा नको?" म्हणाला. गाढव!

बारा प्रकरणं झाली आणि नोटीस आली. सदर नगर विनापरवाना आहे, सात दिवसांत पाडा.

आम्ही दोघं कचेरीत धावलो. "साहेब, असं नगर नाहीच आहे."

"कसं नाही? आमच्या माणसाने पाहणी केलीय. झाडं चौदा."

"कुठे पाहिलं?"

"तुमच्याच कागदात."

मी चंद्रप्रकाशला म्हटलं, "नगर अस्तित्वात नाही, असं प्रतिज्ञापत्र टाइप कर. दोन मिनिटांचं काम." लोकांसाठी शपथेवर काय काय खोटं टाइप केलंय त्याने! हे एक खरं होतं, तर बोटं चालेनात.

"द्रौपदीला राहायला जायचंय ना यार तिथे," म्हणाला. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी आम्ही अपील ठोकलं. वरच्या साहेबांनी उभ्या उभ्या आदेश दिला: नगर पाडू नये, पुढील आदेशापर्यंत 'जैसे थे' ठेवावं. नगर वाचलं! पेढे घेऊनच आम्ही शिबिरात गेलो.

वहिनींनी पेढा बाजूला ठेवला आणि आदेश दोनदा वाचला. 'जैसे थे' म्हणजे पुढे एक वीट नाही, एक ओळही नाही. आणि बारावं प्रकरण संपतं तिथे वहिनी ट्रंक घेऊन नगराच्या फाटकाशी उभ्या आहेत.

"अहो," त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथंपण मी बाहेरच?"