मुद्देमालातला खरा व्हिसा

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती लाउडस्पीकरच्या आवाजासकट. तो लाउडस्पीकर आमच्याच खात्याचा होता.

साथीचं दुसरं वर्ष चालू होतं. मी तेव्हा पेठेतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. रोजचं काम म्हणजे नाकाबंदी, विनामास्क कारवाई आणि अंत्यविधीला कोणी जायचं यावरून नातेवाइकांत होणारी भांडणं. चोऱ्या कमी झाल्या होत्या, कारण माणसं घरात होती. फसवणुकीचे गुन्हे वाढले होते, त्याचंही कारण तेच.

एका दुपारी कसबा पेठेतली एक बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन उभी राहिली. नवरा एसीचे डक्ट बसवणारा कारागीर. आखातातल्या एका कंपनीत बरीच वर्षं कामाला होता. सुट्टीवर आला, विमानं बंद झाली आणि तिकडचा परवाना तो इथे बसल्या बसल्या संपून गेला. त्यात थोरला भाऊ साथीत वारला. दोन्ही घरांची चूल आता या एकट्यावर होती. कामाचा नवा व्हिसा काढायचा तर वैद्यकीय तपासणी हवी, आमच्याकडून चारित्र्य पडताळणी हवी आणि दूतावासाचं कार्यालय कधी उघडं, कधी बंद. शेवटी एका एजंटामार्फत व्हिसा मिळाला. पण भारतातून थेट प्रवेशाला त्या देशाची बंदी होती. आधी मधल्या एखाद्या देशात दोन आठवडे काढायचे आणि मग पुढे जायचं, असा नियम होता. त्याप्रमाणे नवरा निघाला. गल्लीने हार घालून निरोप दिला.

"मग तक्रार काय?" अंमलदाराने विचारलं.

"ते परदेशात गेलेच नाहीत, साहेब. ते इथंच कुठंतरी आहेत."

शेजारचा हवालदार गालात हसला. नवरा गायब म्हटलं की दुसरा संसार, हे आमच्या खात्याचं ठरलेलं निदान. बाईने ते हसू पाहिलं आणि तरीही ती हलली नाही. मी तिला आत बोलावलं.

"काल फोनवर बोलत होते," ती म्हणाली. "सांगत होते, हॉटेलात ठेवलंय, खिडकीतून समुद्र दिसतो. तेवढ्यात मागून लाउडस्पीकरची गाडी गेली. चौपाटीवर गाड्या थांबवू नका, पाण्यात उतरू नका, गुन्हा दाखल होईल. मराठीत, साहेब! मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलेय, मला चांगलं कळतं. त्यांनी लगेच फोन ठेवला."

ही चौपाटी कुठली, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. खडकवासल्याला धरणाच्या कडेने लोक कणसं खायला जमतात, तीच. सरकारने सगळं बंद केलं तरी आमचे लोक रविवारी तिथे जात होते आणि त्यांना हाकलायला पोलिसांची गाडी फिरत होती. नवऱ्याचा समुद्र म्हणजे धरणाचं पाणी होतं.

"त्यांना कोणी डांबून ठेवलंय का?" तिने विचारलं. "मला बाकी काही नको. त्यांना घरी आणा."

"आणतो," मी म्हणालो.

स्टेशन डायरीला नोंद केली, ग्रामीण पोलिसांना कळवलं आणि दोन पंच घेऊन निघालो. त्याच्या मोबाइलच्या टॉवरवरून शोधत गेलो, तर धरणाच्या वरच्या अंगाला एक शेतघर होतं. राखणदाराने फाटकापाशीच सांगून टाकलं, "मानसं हायत, साहेब, पर बाहेर पडत न्हाईत. कोरंटाईन हाय म्हनत्यात. परदेशाला जानारी हायत म्हनं."

आत दहाबारा जण होते. डांबलेलं कोणीच नव्हतं, दाराला कडीसुद्धा नव्हती. नवे कपडे, बांधलेल्या बॅगा, बॅगांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नावं. प्रवासापूर्वीचं विलगीकरण इथेच करायचं, असं एजंटाने त्यांना सांगितलं होतं. गवगवा झाला तर व्हिसा रद्द होईल, तेव्हा घरी विचारलं तर पोहोचलो म्हणायचं. आणि त्यांनी ते ऐकलं. हार गळ्यात घालून घेतलेला माणूस परत गल्लीत कसा जाणार? माझ्या नोकरीत मी कुलपं फोडून माणसं सोडवली आहेत. इथे कुलूप नव्हतं, आणि सुटायचंही कोणाला नव्हतं.

त्यांचे पासपोर्ट एजंटाने तिथल्याच कपाटात ठेवले होते. त्यांतले बरेचसे व्हिसा पाहताक्षणी बनावट वाटत होते. आम्ही पासपोर्ट जप्त करायला घेतल्यावर सगळे एकदम उभे राहिले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, पुढच्या आठवड्यात माझं विमान आहे. त्या बाईचा नवरा माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मला पाहिजे तर आत घ्या. पासपोर्ट राहू द्या."

खोट्या व्हिशाच्या गुन्ह्यात पासपोर्ट हाच मुद्देमाल. तो पंचांसमोर जप्त करून सीलबंद केला नाही, तर कोर्टात गुन्हा उभाच राहत नाही. सील करताना लाखेचा वास खोलीभर पसरला. तो माणूस पाकिटावर ओतलेली लाख वाळेपर्यंत तिथेच उभा होता.

एजंट त्याच्या कार्यालयात सापडला. गोडबोल्या, सुशिक्षित, इस्त्रीचा शर्ट. पहिले दोन दिवस त्याने मला कायदा शिकवला. "अहो साहेब, लोकांना कामाला लावतोय मी. सरकारने विमानं बंद केली, मी नाही." मी आवाज चढवला नाही. अशा माणसाला दटावलं की तो वकील आठवतो. त्याच्या धंद्याचं कौतुक केलं की तो धंदा समजावू लागतो. तिसऱ्या दिवशी चहा पाजला आणि विचारलं, एवढी शिकलीसवरलेली माणसं तुमच्यावर विश्वास ठेवतात तरी कशी?

त्याला राहवलं नाही. "साहेब, सगळेच खोटे कोण ठेवतो? दुकानात एक तरी खरा माल लागतोच ना. तो पेठेतला एसीवाला आहे, त्याचा व्हिसा अस्सल आहे. बाकीच्यांना तोच दाखवला. तो तिकडे पोहोचून व्हिडिओ पाठवणार, तो बघून अजून माणसं येणार. त्याला मी पाठवणारच होतो. तिकीटसुद्धा काढलंय."

गुन्हा उलगडला तो तिथे. सहकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं. मला चहा कडू लागला. मी विमान कंपनीला विचारणा केली. लेखी उत्तर आलं, जागा पक्की होती. विमान सुटायला दोन दिवस बाकी होते.

मी धडपड केली. त्या कारागिराकडून कोर्टात पासपोर्ट परत मिळण्याचा अर्ज करवला, आमची हरकत नाही असं म्हणणं दिलं. पण न्यायालयं तेव्हा अर्धवट चालू होती. शिवाय एजंटाच्या तोंडी बोलण्यावर व्हिसा अस्सल ठरत नाही, दूतावासाचा अभिप्राय लागतो. ते कार्यालय पुन्हा बंद झालं होतं. पासपोर्ट आमच्या मुद्देमाल खोलीत, लोखंडी कपाटात, दारूच्या बाटल्या आणि चोरीच्या मोबाइलांच्या शेजारी पडून राहिला. विमान गेलं. मग व्हिशाची मुदत गेली. मग कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. त्यानंतर अभिप्राय आला, व्हिसा अस्सल आहे.

कोर्टाच्या हुकुमाने पासपोर्ट न्यायला तो ठाण्यात आला तेव्हा त्याने सही केली, व्हिशाचं पान उघडलं आणि बराच वेळ पाहत राहिला. जाताना म्हणाला, "साहेब, एक विनंती आहे. तिकीट खरं होतं आणि तो मला पाठवणार होता, हे माझ्या घरी कळू देऊ नका. तक्रार तिनं दिली होती."

पुढे ती एकदा एकटीच आली. नवरा आता मिळेल तिथे कूलर दुरुस्त करतो, बोलत नाही, म्हणाली. मग तिने विचारलंच, "तो एजंट यांना खरंच पाठवणार होता का?"

"तपासाची बाब आहे, सांगता येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा म्हटलं आहे.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीसाठी गेलो होतो, साक्ष झाल्यावर मागे बसून राहिलो. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होती आणि बचाव पक्षाचे वकील शांतपणे विचारत होते.

"बाई, तुमच्या पतीचं तिकीट खरं होतं, असं विमान कंपनीनेच पोलिसांना लिहून दिलंय. तुम्ही तक्रार दिली नसती, तर ते पुढच्याच आठवड्यात गेले असते. म्हणजे माझ्या अशिलाने त्यांना फसवलेलं नाही. बरोबर?"

तिने वकिलाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या."

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

पोलीस तपास करतात तो गुन्ह्याचा. माणसाचं काय झालं, हा रकाना आमच्या कागदात नसतो. आम्ही त्या खोलीतल्या प्रत्येकाला फसवणुकीतून सोडवलं आणि त्यातल्या एकाला बुडवलं. कायद्याने पाहिलं तर तपासात एकही चूक नव्हती. चूक असती तर निदान त्या चुकीवर रागावता तरी आलं असतं.

मी बाहेर आलो. नवरा साक्षीदारांच्या बाकावर पाण्याची बाटली घेऊन तिची वाट पाहत बसला होता. तीही बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली.

"काय विचारलं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "नेहमीचंच."

त्याने मान हलवली आणि बाटली उघडून तिच्या हातात दिली.