वरच्या मजल्यावरचा हात

गंगापूर रोडवर बंगलेच जास्त होते आणि आमची बिल्डिंग नवी होती, तेव्हाची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा मला फक्त हात ठाऊक होता. रोज सकाळी तो बाल्कनीच्या कठड्याबाहेर यायचा. मनगटात हिरव्या बांगड्या, बोटांत चिमटा आणि चिमट्यात वळवळणारी अळी. चिमटा उघडला की अळी थेट माझ्या लिंबाच्या कुंडीत. लिंबाचा पार खराटा व्हायला आला.

शेवटी मी वर बघून ओरडलो, "अहो बाई, माझ्याच झाडावर का?"

"चातुर्मास आहे, मारता येत नाही," वरून शांत उत्तर आलं. "आमचा कढीपत्ता खातात, तसं लिंबूही खातात. तुमच्या शेजारी नुसता मनीप्लँट आहे. उपाशी मरतील बिचाऱ्या! म्हणून नेम धरून टाकते."

माझ्या कुंड्यांकडे इतकं लक्ष घरच्यांनीही कधी दिलं नव्हतं.

आठवड्याभरात लिंबाला पानच उरलं नाही. मग मीही शेवटची अळी चिमट्यात धरून कठड्यावरून वाकलो.

तोच वरून आवाज आला, "थांबा हो! खालच्यांकडे तिला खायला काय आहे, ते बघितलंत का आधी?"